जुन्या मशीनवर गोधडी: दाते खाली, हात मोकळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिवणकामाचा विषय निघाला की एक समज हमखास ऐकू येतो. गोधडीवर वळणावळणाची, वेलीसारखी फिरणारी टीप मारायची असेल तर नवे, संगणकावर चालणारे मशीनच लागते. घरातले जुने काळे लोखंडी मशीन फक्त सरळ शिवणीचे. या समजापायी चांगली चालती मशीने भंगारात जातात, नाहीतर वरचे मशीन काढून टाकून खालच्या जाळीदार पायांवर टेबलाची फळी ठोकली जाते. हा समज साफ चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे मशीनच्या रचनेवरूनच दाखवता येते, म्हणून हे पत्र. थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे; विषय बारकाव्यांचा आहे.

ज्याला सर्रास ‘फ्री मोशन’ म्हणतात त्या कामात नेहमीपेक्षा वेगळे असे एकच घडते. एरवी कापड सरकवतात ते सुईखालचे दाते. ते वर येतात, कापड धरतात, मागे ढकलतात, खाली जातात आणि पुन्हा पुढच्या जागी येतात. ही चार टप्प्यांची चाल अॅलन विल्सन यांनी 1854 मध्ये पेटंट केली आणि आजही ती तशीच वापरात आहे. फ्री मोशनमध्ये या दात्यांना सुट्टी द्यायची आणि कापड दोन्ही हातांनी हवे तिकडे न्यायचे. टाक्याची लांबी, दिशा, वळण सगळे हातांवर. मशीनने फक्त सुई वर-खाली करायची आणि गाठ नीट बसवायची. यात संगणकाला काही कामच नाही. जुन्या मशीनांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकांत रफू आणि भरतकाम यांची पाने असत आणि त्यांत दाते झाकून, कापड रिंगमध्ये ताणून, हाताने फिरवून शिवायला सांगितलेले असे. गोधडीवरची मुक्त टीप म्हणजे त्या रफूचीच मोठी बहीण.

उलट एका बाबतीत जुने सरळ टाक्याचे मशीन झिगझॅग मशीनपेक्षा सरस ठरते, आणि ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. सरळ टाक्याच्या मशीनच्या सुईखालच्या पट्टीला एकच लहान गोल भोक असते. झिगझॅग मशीनमध्ये सुईला डावी-उजवीकडे जायचे असल्याने तिथे आडवी लांब फट असते. आता टाका कसा पडतो ते पाहा. सुई अगदी तळाला जाते आणि तिथून साधारण 2 ते 2.5 मिलिमीटर वर येते. वर येताना तिच्या मागच्या अंगाला दोऱ्याचा छोटासा फुगा तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी पट्टीखाली फिरणाऱ्या हुकचे टोक तिथे येऊन तो फुगा पकडते. कापड पट्टीला चिकटून असेल तरच हा फुगा नीट सुटतो. कापड सुईबरोबर वर उचलले गेले तर दोराही वर ओढला जातो, फुगा होतच नाही, हुक रिकामा फिरतो आणि टाका सुटतो. लहान गोल भोकाभोवती कापडाला सगळीकडून आधार असतो, त्यामुळे ते सुईबरोबर आत ढकलले जात नाही. नव्या मशीनवर फ्री मोशन करणारे जाणकार वेगळी सरळ टाक्याची पट्टी बसवतात ती याचसाठी. जुन्या मशीनला ती जन्मापासून आहे.

दाते बाजूला कसे करायचे हे मशीनप्रमाणे बदलते. सिंगरच्या 15 आणि 201 या वर्गांतली बरीच मशीने मागे कलंडवली की खाली अंगठ्याने फिरवायचा स्क्रू दिसतो. तो सैल करून खालच्या जागी आणायचा आणि पुन्हा कसायचा, की दाते पट्टीखाली राहतात. 15 वर्गाच्या धर्तीवर पुढे इतर अनेक कारखान्यांनी मशीने काढली. त्यांतल्या कित्येकांना यासाठी वरच्या पाटावरच गोल बटण दिलेले असते. 66 आणि तिची धाकटी 99 यांच्या बऱ्याच मशीनांत दाते खाली जात नाहीत. 1933 मध्ये आलेल्या 221 या हलक्या, उचलून नेण्याच्या मशीनमध्येही जात नाहीत. तिथे दात्यांवर बसणारी झाकणपट्टी वापरतात. तीही नसेल तर पोस्टकार्डाच्या जाडीचा गुळगुळीत कागद घ्यावा, सुईसाठी मधोमध भोक पाडावे आणि कडा चिकटपट्टीने पाटावर बसवाव्यात. आणखी सोपा उपाय म्हणजे टाक्याची लांबी शून्यावर आणणे. पुढे-मागे जाणारी दांडी असलेल्या मशीनमध्ये शून्य बरोबर मधे असते. दाते वर-खाली होत राहतात, पण कापड सरकवत नाहीत. पातळ थरांच्या कामाला एवढे पुरते. जाड थरांना दाते खालून टोचत राहतात आणि हात अडखळतात, तिथे झाकण किंवा स्क्रूच बरा. काहीही केले तरी मोटर किंवा पायडल चालवण्याआधी चाक हाताने तीन-चार फेरे फिरवून सुई कुठे आपटत नाही ना, हे बघायचेच.

प्रेशर फूट बदलावा लागतो. नेहमीचा फूट कापड दाबून धरतो, त्यामुळे ते फिरवता येत नाही. रफूचा, स्प्रिंगवर उडणारा फूट लावायचा. त्याला एक बारीक दांडी असते. ती सुई धरणाऱ्या स्क्रूच्या वर बसली पाहिजे. सुई वर गेली की दांडी फुटाला उचलते आणि कापड मोकळे होते. सुई खाली आली की फूट टेकतो आणि कापड धरतो. दांडी चुकून स्क्रूच्या खाली राहिली तर फूट उचललाच जात नाही. विकत घेण्यापूर्वी मोजमाप करावे: नेहमीचा फूट खाली टेकवून पाटापासून फुटाच्या स्क्रूच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे अर्धा इंच भरले तर आखूड दांड्याचा फूट लागतो, सुमारे एक इंच भरले तर उंच दांड्याचा. वर सांगितलेली सगळी मशीने आखूड दांड्याची आहेत. सिंगर 301 किंवा 401 सारख्या तिरक्या दांड्याच्या मशीनला मात्र तिचाच फूट लागतो, दुसरा बसणार नाही. फूट कापडाला जास्त दाबत असेल तर वरच्या टोकाचा दाबाचा स्क्रू सैल करायचा. सुई वर असताना गोधडीचे तिन्ही थर (वरचे कापड, मधली भर, खालचे अस्तर) न अडता सरकले पाहिजेत आणि सुई खाली असताना फूट कापडाला जेमतेम टेकला पाहिजे, एवढी परीक्षा पुरे.

आता नवशिक्यांना सर्वांत जास्त रडवणारी चूक. उडणारा फूट कापडाला दाबत नाही, त्यामुळे तो खाली करायचा राहूनच जातो. फूट उचलायची मागची दांडी वर राहिली की बहुतेक मशीनांत ताणाच्या चकत्या उघड्याच राहतात, वरच्या दोऱ्याला ताणच मिळत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचे घरटे तयार होते. गोंधळ खाली दिसतो म्हणून माणूस बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची लहान रीळ, काढून घालतो, तिची केस साफ करतो, स्क्रू पिळतो. दोष वरच्या दोऱ्याचा असतो. ही गोष्ट कायमची लक्षात ठेवावी: खालच्या बाजूचा गुंता बहुधा वरच्या दोऱ्यामुळे असतो. दोरा ओवताना दांडी वर हवी म्हणजे तो चकत्यांच्या मधे खोल बसतो. शिवताना ती खाली हवी.

सुईबद्दल थोडक्यात. या मशीनांना 15×1 म्हणजेच 130/705 एच ही साधी घरगुती सुई चालते. तीन थर आणि 50 नंबरचा सुती दोरा असेल तर 80/12 किंवा 90/14 मापाची. टॉपस्टिचची सुई घेतली तर नेढे मोठे असते आणि दोरा कमी घासला जातो. सपाट बाजू कोणत्या अंगाला, हा घोळ जुन्या मशीनांत फार होतो, कारण कुठे सुई डावीकडून ओवायची असते तर कुठे उजवीकडून. नियम असा: दोऱ्याची शेवटची कडी ज्या बाजूला, त्या बाजूला सुईची लांब खाच, सपाट बाजू तिच्या विरुद्ध, हुककडे. उलटी सुई बसवली की एकही टाका पडत नाही आणि निष्पाप मशीन ‘टायमिंग गेले’, म्हणजे सुई-हुकचा मेळ बिघडला, म्हणून बदनाम होते. आठेक तास शिवून झाले की सुई बदलावी. फ्री मोशनमध्ये हाताच्या ओढीने सुई वाकते, पट्टीला घासते आणि भोकाच्या कडेला बारीक काटे उठतात. तिथे कापसाचा बोळा फिरवून पाहावा. तंतू अडकले तर काटा आहे. तो अगदी बारीक पॉलिश कागदाने हलक्या हाताने घासून काढावा. दोरा सारखा उसवल्यासारखा पिंजून तुटत असेल तर पहिला संशय या काट्यावर घ्यावा.

ताणाचे काम सावकाशीने करावे. आधी खालचा ताण. बॉबिन केस सुटी निघत असेल, जशी 15 वर्गात निघते, तर भरलेल्या बॉबिनसह ती दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवायची. नुसती सरसर खाली येत असेल तर ताण सैल. हाताला हलका हिसका दिल्यावर एक-दोन इंच उतरून थांबली तर बरोबर. हिसका देऊनही हलत नसेल तर घट्ट. केसवरचा स्क्रू फिरवायचा तो घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटे सरकावे एवढाच, आणि दर वेळी पुन्हा बघायचे. 66 मध्ये बॉबिन वरून टाकायची असते, केस अशी सहज निघत नाही. तिथे दोरा हाताने ओढून अंदाज घ्यावा. दोन्ही वर्गांच्या बॉबिन वेगळ्या आहेत. 15 ची बॉबिन दोन्ही अंगांनी सपाट, 66 ची किंचित फुगीर. एकीची दुसरीत दडपून घातली तर ताण कधीच जुळणार नाही.

खालचा ताण एकदा ठरला की नंतर फक्त वरचा हलवायचा. खऱ्या कामासाठी घेतलेलेच कापड, भर आणि दोरा घेऊन चौदा-पंधरा इंचांचा चौकोनी तुकडा तयार करावा आणि त्यावर गोल, आठचे आकडे, टोकदार पाने अशी टीप मारून तो उलटा करून बघावा. वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसत असतील तर वरचा ताण जास्त आहे. मागे खालचा दोरा सरळ तारेसारखा पडला असेल आणि वरचा त्यावरून नुसता वळलेला असेल तर वरचा ताण कमी आहे. एक तिसराच प्रकार आहे. सरळ जागी टीप उत्तम, पण वळणांवर मागच्या बाजूने पापणीच्या केसांसारखे दोरे बाहेर आलेले. हा निव्वळ ताणाचा दोष नाही. वळणावर हात नकळत वेग घेतो आणि सुई मात्र त्याच गतीने चाललेली असते. गाठ थरांत बसण्याआधीच कापड पुढे निसटते आणि दोरा वळणाच्या आतल्या बाजूला खेचला जातो. वरचा ताण अर्ध्या अंकाने वाढवून फरक पडतो, पण खरा उपाय वळणावर हात संथ ठेवणे हाच. वळण आले की पाय नाही, हात आवरायचे.

वेगाचा हिशोब एकदा मांडला की भीती जाते. एका इंचात दहा टाके हवे असतील, म्हणजे प्रत्येक टाका सुमारे अडीच मिलिमीटरचा, आणि मशीन मिनिटाला सहाशे टाके घालत असेल, तर कापड मिनिटाला साठ इंच सरकले पाहिजे. सेकंदाला एक इंच. ही गती हाताला अगदी सहज जमते. नवशिके घाबरून मशीन फार हळू चालवतात आणि हात नेहमीच्या वेगाने फिरवतात. मग टाके लांबलचक आणि टोकदार पडतात, गोलाचा षटकोन होतो. मशीन मध्यम, एकसारख्या गतीने चालवावे आणि हातांनी त्या आवाजाच्या लयीत फिरावे. टाके अतिशय बारीक, एकावर एक पडत असतील तर हात मागे पडतो आहे किंवा कापड कुठेतरी अडकले आहे.

पायमशीन या कामाला उत्तम आहे, हे ठासून सांगावेसे वाटते. दोन्ही हात मोकळे राहतात, पायाच्या ठेक्याला लय असते, आणि पाय थांबला की सुई पळत सुटत नाही. पथ्ये दोनच. सुरुवातीला चाक उलटे फिरले तर दोरा गुंतून तुटतो, म्हणून पहिला फेरा हाताने आपल्याकडे देऊनच पाय चालवावा. आणि चामड्याचा पट्टा सैल असेल तर जाड शिवणींवर तो घसरतो, पाय चालतो आणि सुई अडते. पट्टा थोडा कापून पुन्हा तारेच्या कडीने जोडावा. हाताने फिरवायचे मशीन मात्र या कामाला गैरसोयीचे. एक हात दांड्यावर गेला की उरलेल्या एकाने वळणे नीट येत नाहीत. लांब बोटीसारखे शटल असलेल्या फार जुन्या मशीनवरही मुक्त टीप येते. बॉबिन लहान असल्याने ती सारखी भरावी लागते एवढेच.

गोधडीची तयारी नीट नसेल तर वरचे सगळे वाया. अस्तर आणि भर वरच्या कापडापेक्षा चारही बाजूंनी तीनेक इंच मोठे घ्यावे. अस्तर जमिनीवर ताणून, पण खेचून नव्हे, चिकटपट्टीने बसवावे, त्यावर भर, त्यावर वरचा भाग, आणि मधोमधून कडेकडे जात दर चार इंचांवर सेफ्टी पिन लावावी. पिना विरळ ठेवल्या की मागे चुण्या शिवल्या जातात, आणि त्या उलटे केल्यावरच दिसतात. आधी जोडांच्या ओळीतून सरळ टीप मारून सगळे थर बांधून घ्यावेत. ही टीप दाते वर ठेवून, नेहमीचा फूट लावूनच मारायची. मग मुक्त टीप मधून सुरू करून बाहेर जावे.

सुरू करताना सुई एकदा खाली-वर करून खालचा दोरा वर ओढून घ्यावा, दोन्ही टोके धरून तीन-चार अगदी बारीक टाके जागच्या जागी घालावेत आणि मग टोके कापावीत. हे चुकवले तर मागे गाठोळी राहते. थांबायचे तर सुई कापडात ठेवून, आणि शक्यतो टोकावर किंवा दोन रेघा मिळतात त्या जागी. वळणाच्या मधे थांबले की पुन्हा सुरू करताना तिथे झटका दिसतोच.

मोठ्या गोधडीत खरी लढाई वजनाशी असते. पूर्ण आकाराच्या जुन्या मशीनमध्ये सुईच्या उजवीकडे साधारण आठ इंच जागा मिळते, 99 आणि 221 मध्ये त्याहून कमी. गोधडीची घट्ट गुंडाळी त्या जागेत कोंबली तर ती काठीसारखी ताठ होते आणि हलवता येत नाही. तिचे सैल ढीग करून ठेवावेत आणि फक्त हातांमधला फूटभराचा चौकोन सपाट राखावा. डावीकडे आणि मागे त्याच उंचीचे टेबल लावावे. गोधडीचा एक कोपरा जरी टेबलावरून खाली लोंबला तरी त्याची ओढ सुईपर्यंत पोचते: टाके बारीक होतात, सुई वाकते, पट्टीवर आदळून मोडते. मशीन टेबलात बसवलेले, पाट टेबलाच्या सपाटीत असलेले असेल तर हे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, आणि जुन्या मशीनची टेबले नेमकी तशीच असतात. बोटांना रबरी ठिपक्यांचे हातमोजे घातले की कापड दाबावे लागत नाही आणि खांदेही भरून येत नाहीत.

भर सुती असेल तर हुकपाशी भुसा फार साठतो. प्रत्येक बॉबिन बदलताना ब्रशने तो काढावा. फुंकर मारू नये, ओलावा आत जातो आणि भुसा खोलवर. 15 वर्गात हुक ज्या खाचेत मागे-पुढे डोलतो तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यावा, मग टाकाऊ तुकड्यावर मिनिटभर चालवून घ्यावे म्हणजे गोधडीवर डाग पडत नाही. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल कधीही घालू नये. ते वाळून डिंकासारखे होते आणि मशीन जड चालू लागते. 15-91 आणि 201-2 यांची मोटर मशीनच्या अंगातच, दातेरी चाकांवर (गिअरवर) बसवलेली असते. त्या चाकांना तेल नव्हे, मऊ ग्रीस लागते. मोटरमध्ये तेल ओतणे म्हणजे तिचा घात करणे. आणि जुन्या वायरचे आवरण तडकलेले असेल तर ती बदलल्याशिवाय प्लग लावू नये.

म्हणून एक विनंती. जुने मशीन विकायला किंवा टाकायला काढलेच असेल, तर त्याचा खण आधी उघडून पाहावा. त्यात दोऱ्याच्या तुकड्यांखाली, गंजक्या टाचण्यांबरोबर पुष्कळदा एक लहान, चपटी, भोकाची पट्टी पडलेली असते, जिचा उपयोग घरात कोणालाच ठाऊक नसतो. तीच दात्यांवरची झाकणपट्टी. ती मशीनसोबतच राहू द्यावी, आणि मशीन ज्याच्या हाती जाईल त्याला ती कुठे बसते तेवढे दाखवावे.

कळावे.
एक वाचक